कुजलेल्या फळीचा धनी

१

हातात आली ती फळी नव्हतीच, ओल्या भुशाचा काळा गोळा होता. वहिनीने मूठ दाबली तसं त्यातून तपकिरी पाणी निघालं आणि ओघळत तिच्या कोपरापर्यंत गेलं.

ॲल्युमिनियमची ती होडी तिच्या कारखान्याच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली होती. होडीच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या दोन थरांमध्ये एक जाड फळी असते. इंजिन तिच्यावरच अडकवतात. काल दुपारी तलावाच्या मध्यावर ती फळी मोडली आणि इंजिन अर्धी फळी घेऊन तळाला गेलं. होडी पाण्याने भरली. मालकाने अंगात लाईफ जॅकेट घातलेलं होतं म्हणून तो तरला, आणि मासेमारी करणाऱ्यांनी त्याला ओढून काढलं.

तो मालक आता समोर उभा होता. औषधांच्या दुकानाचा मालक, पण धक्क्यावर त्याला सगळे थोरला म्हणत. त्याचा एक धाकटा भाऊ होता आणि दोघांत विस्तव जात नव्हता, म्हणून थोरला आणि धाकटा असं सांगितलं की माणूस बरोबर कळायचा.

"वहिनी," थोरला म्हणाला. आवाज बसलेला होता, पण रागाने चढलेला नव्हता. त्याचंच तिला जास्त लागलं. "गेल्या हंगामाच्या शेवटी तुम्ही ही फळी नवी बसवलीत. नवी म्हणून मी हिच्यावर मोठं इंजिन लावलं. तुम्हीच म्हणाला होतात, आता खुशाल लावा."

"म्हणाले होते."

"मग हे काय आहे?"

वहिनीने हातातला गोळा पुन्हा चाचपला. नवरा गेल्यापासून कारखाना ती एकटी चालवत होती आणि आजवर तिच्या हातची फळी परत आलेली नव्हती.

बघ्यांमध्ये इंजिनवालाही होता. धक्क्याच्या टोकाला त्याचं दुकान होतं आणि बुडालेलं इंजिन त्यानेच विकलेलं. तो मान हलवत म्हणाला, "इंजिनात खोट नव्हती बरं का. लाकूड ओळखायला नजर लागते. नवरा होता तोवर ठीक होतं."

"मी तक्रार करणार आहे," थोरला म्हणाला. "माणूस मेला असता. तुम्हाला काय सांगायचं ते परवाना देणाऱ्यांना सांगा."

तो गेला, मागोमाग बघेही पांगले. अंगणात उरली वहिनी, आणि पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेल्या वन्सं.

वन्सं म्हणजे तिची नणंद. सगळा जन्म पोलीस तपासात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि विश्रांतीसाठी भावजयीकडे आल्या होत्या. विश्रांती कसली? आल्या दिवसापासून त्यांनी पडद्यांची धूळ, नळाची गळती आणि चहातलं पाणी यांचा तपास लावला होता.

"वहिनी," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "मी घरची आहे. मला खरं सांग. हलकं लाकूड वापरलंस?"

वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते दिसू नये म्हणून ती खाली वाकली आणि भुशात अडकलेला एक बोल्ट उपटून काढला. गंजून त्याची पार रया गेली होती. तिने तो बोटांनी पुसला, पुन्हा पुसला, आणि तशीच थांबली.

"वन्सं," ती म्हणाली, "हा बोल्ट माझा नाही."

२

"नीट सांग. रडून झाल्यावर सांग."

"रडत नाहीये मी." वहिनीने बाहीने नाक पुसलं. "मी फळीला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावते. हा साधा लोखंडी आहे. शिवाय मी फळीला सगळीकडून राळ लावते, बोल्टच्या भोकांतूनसुद्धा, म्हणजे पाणी कुठूनच शिरत नाही. या लाकडाला राळेचा थेंबही लागलेला नाही. ही फळी मी बसवलेलीच नाही."

"म्हणजे तुझी काढून कोणीतरी ही बसवली."

"तसंच असणार!"

वन्संनी कप पायरीवर ठेवला. "असणार कसं? कुजलेली फळी तू बाहेर कशी काढतेस?"

"छिन्नीने, खरवडून. आख्खी येतच नाही, तुकडे तुकडे होतात."

"मग तुकडे झालेली फळी परत आख्खी आत कशी जाईल?"

वहिनीने पत्र्याच्या फटीत बोट घालून बघितलं.

"आणि कोपऱ्यातले हे पत्रे," वन्सं होडीभोवती फिरू लागल्या. "फळी काढायची तर हे उचकटावे लागतील ना? यांच्यावर पहारीची एक खूण दाखव मला."

खूण नव्हती. पत्रे जुने होते, पण वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसावा तसे घट्ट बसलेले होते. वहिनीला आठवलं, थोरल्याच्या होडीचे हेच पत्रे तिने स्वतः उचकटले होते. एक तर तिच्या हातून थोडा वाकलाही होता आणि तिने तो ठोकून सरळ केला होता. इथे सगळे सरळच होते.

"वन्सं, ही फळी इथून कधी हललीच नाही."

"बरोबर. लाकूड जागच्या जागी आहे. मग हललं काय?"

वहिनी होडीकडे बघत राहिली. आतून बाहेरून ताजा हिरवा रंग. डाव्या अंगाला नंबरची पत्र्याची पट्टी, उजव्या अंगाला तशीच दुसरी. नंबर थोरल्याचाच होता. बाकी ओळखायला काही नव्हतं. होडी बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का कधीच झिजून गेलेला.

"अशी दुसरी होडी आहे का या तलावावर?" वन्संनी विचारलं.

"आहे. धाकट्याची. दोघांच्या वडिलांनी एकाच वेळी आणल्या होत्या, जुळ्या म्हणा ना. दोघींना पोचे सारखे, दोघींचा रंग सारखा. धाकटा त्याच होडीतून पलीकडच्या काठावर टपाल नेतो."

"त्याच्या होडीची फळी?"

"मागेच कुजली होती. मी त्याला दोनदा बजावलं होतं. तो हसण्यावारी नेतो."

वन्संनी खिशातून चष्मा काढला, काच फुंकरून पुसली आणि नंबरच्या पट्टीला नाक लावलं. "ही पट्टी कशाने बसवतात?"

"रिव्हेटने. ठोकून चपटा केलेला खिळा, फिरवून निघत नाही."

"हे रिव्हेट आहेत?"

नव्हते. पट्टीच्या चारही कोपऱ्यांत पिवळेधमक पितळी स्क्रू होते आणि चारही स्क्रूंच्या खाचा अगदी एका दिशेत, उभ्या. वहिनीने स्क्रू काढले, पट्टी उचलली. पट्टीखाली जुना मळका पत्रा असायला हवा होता. तिथे यंदाचा ताजा हिरवा रंग होता.

"रंग लागला तेव्हा पट्टी जागेवर नव्हती," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, तुझी फळी सुखरूप आहे. कोणीतरी पट्ट्यांची अदलाबदल करून होडीच बदललीय."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनवाला दुकानात टेबलावर पाय टाकून बसला होता. वन्संना बघून त्याने पाय खाली घेतले. नोकरी संपली तरी पोलिसाची नजर जात नाही.

"या होड्या थंडीत कुठे असतात?" वन्संनी विचारलं.

"थंडीत तलाव बंद. मग टपाल वळशाच्या रस्त्याने जातं, आणि या दोन्ही होड्या त्यांच्या आईच्या पडवीत उपड्या पडलेल्या असतात. इंजिनं तेवढी माझ्याकडे, साफसफाईला. हंगाम सुरू झाला की ज्याने त्याने आपला नंबर बघायचा आणि होडी न्यायची."

"रंग कोणी दिला?"

"आईनेच. दर थंडीला देते. म्हातारी शिवणकाम करते, पण ब्रशही असा मारते की ओघळ सापडणार नाही."

"पडवीची किल्ली?"

"दाराला कडी आहे, बाई. आईच्या दाराला कुलूप कोण घालतो?"

वन्संनी रुमालातून एक पितळी स्क्रू काढून टेबलावर ठेवला. "हा तुमचा?"

इंजिनवाल्याने तो उचलला आणि हसला. "पितळ? ॲल्युमिनियमच्या होडीला? कोणत्या शहाण्याने लावला? पाण्यात या दोघांचं सवतीसारखं असतं. पितळ ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. माझ्याकडे रिव्हेटची बंदूक आहे, मी हे कशाला लावीन?"

वहिनीला राहवलं नाही. "पण माझं नाव खराब झालं तर होड्यांची कामं तुमच्याकडेच येतील की."

"लाकडाचं काम? मला?" तो मनापासून दचकला. "वहिनी, मी काल बोललो ते चुकलं असेल. पण मला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. तुम्ही दुकान बंद केलंत तर माझी इंजिनं कशावर अडकवायची, माझ्या डोक्यावर?" मग तो आवाज उतरवून म्हणाला, "एक मात्र आहे. धाकट्याची होडी दर हंगामात गळायची. डबा घेऊन पाणी उपसत यायचा. यंदा थेंबभर गळत नाही. मी विचारलं तर म्हणाला, आईचा रंग चांगला बसलाय."

दारात सावली पडली. थोरला उभा होता, खोकत. त्याने किती ऐकलं हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"म्हणजे माझी होडी त्याच्याकडे आहे," तो सावकाश म्हणाला. "आणि त्याची कुजलेली माझ्या गळ्यात मारली. माझा सख्खा भाऊ."

"अजून तसं कोणी म्हटलेलं नाही," वन्सं म्हणाल्या.

"म्हणायला कशाला हवं? फायदा कोणाचा झाला?" तो वहिनीकडे वळला. "वहिनी, तुमची माफी मागतो. तक्रार करीन, पण त्याच्या नावाने. टपालखात्यालाही कळवतो. असल्या माणसाच्या हातात लोकांची पत्रं नकोत."

"आज संध्याकाळपर्यंत थांबा," वन्सं म्हणाल्या.

"कशासाठी?"

"चुकीच्या माणसाचं नाव एकदा कागदावर चढलं की उतरत नाही. मी असले कागद जन्मभर बघितलेत."

"संध्याकाळपर्यंत," थोरला म्हणाला आणि निघून गेला.

४

टपालाची होडी दुपारी धक्क्याला लागली. धाकटा दोर बांधत होता. उन्हाने रापलेला, दाढी वाढलेली, अंगात साधा सदरा. लाईफ जॅकेट होतं, पण ते घडी करून त्याने बसायला घेतलं होतं.

"दादा कसा आहे?" त्याने वहिनीला विचारलं. मान वर केली नाही.

"खोकतोय. भेटायला गेला नाहीत?"

"गेलो होतो. दारापर्यंत." त्याने गाठ ओढली. "परत आलो."

दोघा भावांचं वैर का होतं हे वहिनीला माहीत होतं. वडिलांच्या शेवटच्या आजारात थोरल्याने त्यांना शहरातल्या इस्पितळात नेलं. धाकट्याचं म्हणणं होतं, राहू दे घरी, समोर तलाव दिसू दे. वडील तिकडेच गेले. तेव्हापासून थोरला म्हणायचा, मी प्रयत्न तरी केला. धाकटा म्हणायचा, तू त्यांना भिंत बघत मरायला लावलंस. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

वन्संनी वहिनीकडे हात पुढे केला. वहिनीने कारखान्यातून आणलेलं लोहचुंबक त्यांना दिलं. होडीच्या मागच्या फळीवर बोल्टची डोकी रंगाखाली झाकलेली होती. वन्संनी एकेका डोक्याला चुंबक लावलं. प्रत्येक वेळी ते घसरून खाली आलं.

"लोखंड असतं तर चिकटलं असतं," वहिनी म्हणाली. तिने किल्लीने एका डोक्यावरचा रंग खरवडला. खाली लख्ख स्टील. वाकून कोपऱ्याच्या पत्र्याकडे बघितलं, तर तिने ठोकून सरळ केलेला वाकही तिथेच होता. आपलंच काम पुन्हा भेटल्यावर हरवलेलं माणूस सापडावं तसं तिला झालं.

"ही तुमची होडी नाही," वन्सं धाकट्याला म्हणाल्या. "ही तुमच्या भावाची आहे. बुडाली ती तुमची."

धाकट्याच्या हातून दोर सुटला. होडी थोडी सरकली, त्याने पायानेच ती अडवली.

"रोज चालवणाऱ्याला आपली होडी कळत नाही?" वन्संनी विचारलं. आवाज मऊ होता, आणि वहिनीला ठाऊक होतं की त्यांचा मऊ आवाज सगळ्यात वाईट.

"कळलं होतं काहीतरी," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. मागची बाजू हलत नव्हती, पाणी येत नव्हतं. मला वाटलं, आईने मला चोरून वहिनींकडून दुरुस्त करून घेतली."

"मग आईला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर उपकार मानावे लागले असते." तो कसानुसा हसला. "आणि 'मी सांगत होते ना' हे ऐकावं लागलं असतं. इंजिनवाल्याने विचारलं तेव्हा रंगाचं नाव पुढे केलं. पण दादाच्या गळ्यात ती होडी... आईशपथ, माझ्या मनातही नव्हतं."

वन्सं होडीत उतरल्या. पुढच्या बाजूला टपालाची पत्र्याची पेटी होती, सुटी, थंडीत घरी नेऊन ठेवायची, ती त्याने स्वतः बनवलेली. तिच्या कडेने ॲल्युमिनियमच्या रिव्हेटची ओळ होती, काम जरा वाकडंतिकडं पण भक्कम. आणि नंबरच्या पट्टीवर तेच चार पितळी स्क्रू, खाचा उभ्या, एका रेषेत.

"वर या, वन्सं," वहिनी म्हणाली. "पाय घसरेल."

"वहिनी, थोरल्याच्या अंगावरचं जॅकेट कुठे आहे?"

"माझ्याच अंगणात वाळत घातलंय. का?"

"त्याने त्याचा जीव वाचवला," वन्सं म्हणाल्या. "आणि मी मात्र कालपासून नुसती फळीच बघत बसले."

५

आईच्या शिवणाच्या खोलीत कपड्यांचे ढीग होते, पण प्रत्येक ढिगाची कड सरळ. यंत्राशेजारी सुयांची उशी, तिच्यात सुया उंचीप्रमाणे टोचलेल्या. थोरला कोपऱ्यातल्या पलंगावर पाय वर घेऊन बसला होता. संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं होतं, तर तो आईकडे येऊन थांबला होता.

वन्संनी जॅकेट कापायच्या टेबलावर पसरलं. "हे पट्टे नवे आहेत. खांद्यावर दुहेरी शिवण, आतून बुचाचा जास्तीचा थर. सुंदर काम आहे. कधी केलंत?"

"यंदा," आई म्हणाली. तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"थोरला इतकी वर्षं होडी चालवतोय. यंदाच का?"

थोरला म्हणाला, "हंगामाच्या आधी हिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवणार नाही म्हणून. मला वाटलं, वय झालं, घाबरते."

"घाबरत होत्याच," वन्सं म्हणाल्या. "मी सांगते, चुकलं तर थांबवा. होड्यांच्या पट्ट्या रंग देण्याच्या आधी काढल्या होत्या. म्हणजे ज्याने रंग दिला त्याने त्या काढल्या, किंवा त्याला ते माहीत होतं. परत लावताना पितळी स्क्रू वापरले. इंजिनवाला तसं करणार नाही, धाकटाही नाही, दोघांना पितळ आणि ॲल्युमिनियमचं वैर ठाऊक आहे आणि दोघं रिव्हेट मारतात. हे स्क्रू घरातल्या एखाद्या सामानाचे आहेत. आणि ते लावणाऱ्या हाताला खाचासुद्धा एका रेषेत लागतात, सदऱ्याच्या काजांसारख्या. शेवटचं म्हणजे, ज्याने थोरल्याला कुजलेली होडी दिली, त्यालाच थोरल्याच्या जिवाची सगळ्यात जास्त काळजी होती. असं माणूस या गावात मला एकच दिसतं."

यंत्राच्या शेजारी एक जुनं लाकडी टेबल भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्याच्या बिजागऱ्यांतले बरेचसे स्क्रू गायब होते आणि घडीच्या फळ्या लोंबत होत्या. वहिनीने तिकडे बघितलं आणि मान फिरवली.

"मीच," आई म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. "रिव्हेट कानशीने घासून काढले, कितीतरी दुपारी लागल्या. पितळेचं मला माहीत नव्हतं. ते चुकलं."

थोरला पलंगावरून उतरला. "आई?"

"धाकट्याला सांगून दमले, फळी बदल. तो म्हणे, होडी दुरुस्तीला टाकली तर टपाल कोण नेणार? तुला म्हटलं, तुझी दे त्याला थोडे दिवस. तू म्हणालास, त्याने येऊन मागावी. त्याला म्हटलं, माग. तो म्हणाला, जीभ झडली तरी मागणार नाही. एकाचं नाक वर, दुसऱ्याचं ताठ. मी मधे किती दिवस उभी राहू?" तिने जॅकेटचा पट्टा हातात घेतला. "तो रोज तलावाचा मधोमध कापतो. टपालाची पोती असतात, कधी पलीकडच्या वस्तीतली एखादी बाळंतीण असते. तू सुट्टीला लव्हाळ्यात गळ टाकून बसतोस. तिथे पाणी छातीएवढं. फळी मोडली असती तर चालत घरी आला असतास."

"मी मोठं इंजिन घेतलं होतं. ते बघायला मधे गेलो."

"मला कुठे सांगितलंस?"

"तू मला सांगितलंस?"

आईने पट्ट्याची घडी घातली.

"जॅकेट त्यालाही शिवलं होतं," आई म्हणाली. "तो ते बुडाखाली घेतो. तू घालशील हे मला माहीत होतं. तू सांगितलेलं ऐकतोस."

थोरल्याने तिच्याकडे बघितलं. कालपासून पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला धार आली. "म्हणजे ऐकतो म्हणून कुजलेली मला."

आईचे ओठ हलले. ती 'तसं नाही' म्हणेल असं वहिनीला वाटलं. पण तिने तो सोपा मार्ग घेतला नाही.

"हो," ती म्हणाली.

थोरल्याने जॅकेट टेबलावरच ठेवलं आणि बाहेर पडला. जाताना दार हळूच लावून घेतलं.

६

तक्रार झाली नाही. थोरल्याने धक्क्यावर उभं राहून चारचौघांत सांगितलं की वहिनींच्या कामात खोट नव्हती, होड्यांची अदलाबदल झाली होती. कोणी केली ते सांगितलं नाही. इंजिनवाल्याने सगळं ताडलं होतं आणि तो ते पोटात ठेवू शकला, हे धक्क्यावरचं खरं आश्चर्य.

पण थोरला आईकडे जायचा बंद झाला. वाटेत भेटली तर तब्येत विचारायचा, परक्याची विचारावी तशी.

वहिनीने नंबरच्या पट्ट्या ज्याच्या त्याच्या होडीला रिव्हेटने बसवल्या आणि मोडकी होडी कामाला घेतली. कुजलेलं लाकूड खरवडून काढलं, पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यावरून प्लायचे दोन थर कापून एकमेकांना चिकटवले, शिकंज्यात आवळून ठेवले. वन्सं पायरीवरून बघत होत्या. राळेचा तिसरा हात लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला विचारलं, हलकं लाकूड वापरलंस का."

"विचारलंत."

"विचारायला नको होतं."

"तपास म्हटला की सगळ्यांना विचारावंच लागतं," वहिनी म्हणाली. वन्संनी दुसरं काही न बोलता आत जाऊन चहा टाकला. तो पातळच झाला. वहिनी तो मुकाट्याने प्यायली.

फळी बसवायच्या दिवशी थोरला आला. काम कसं करतात ते बघायचंय म्हणाला. बोल्ट आवळताना एकाने बाहेरून डोकं धरायचं आणि दुसऱ्याने आतून नट फिरवायचा. वहिनीने त्याच्या हातात पाना दिला आणि बाहेरच्या बाजूला बसवलं. औषधांच्या बाटल्या हाताळणारे ते हात पहिल्या दोन बोल्टांना घसरले, मग जमलं.

फाटक वाजलं. धाकटा आत आला, थोरल्याला बघून थबकला. परत फिरेल असं वाटलं, पण फिरला नाही. होडीपासून चार पावलांवर उभा राहून बुटाच्या टोकाने खडा उकरू लागला.

"होडीने टपाल बंद आहे," तो म्हणाला. नेमकं कोणाला, ते कळलं नाही. "रस्त्याने उशीर होतो. पलीकडच्या म्हाताऱ्यांची औषधंही अडकलीत."

थोरला पाना धरून बसून राहिला.

"दादा."

"बोल."

ते शब्द तोंडातून काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं होतं. "ही तयार होईपर्यंत तुझी होडी देशील का?"

वहिनी आत वाकून नटाकडेच बघत राहिली. पायरीवर वन्संचा चमचा कपात ढवळायचा थांबला.

"दोन महिने वापरलीस," थोरला म्हणाला, "तेव्हा कुठे विचारलंस?"

धाकट्याचे कान लाल झाले. थोरल्याने पाना खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि खिशातून साखळीच्या कुलपाची किल्ली काढली. धाकट्याने हात पुढे केला. थोरल्याने किल्ली लगेच सोडली नाही.

"जॅकेट अंगात घालायचं. बुडाखाली नाही."

"घालतो."

"आणि मी दिली म्हणून आईला सांगू नकोस."

"का?"

"बसू दे थोडे दिवस वाट बघत," थोरला म्हणाला आणि किल्ली सोडली.

धाकटा फाटकापर्यंत गेला, तिथून वळून म्हणाला, "तिला कळेलच. कोण कोणत्या होडीत बसतो तेच ती दिवसभर बघत असते."

थोरल्याने पाना उचलला. "बघू दे," तो म्हणाला आणि पुढच्या बोल्टचं डोकं घट्ट धरलं. "फिरवा, वहिनी."